पाठ केलेली गाणी आणि आजोबांचा दाखला

ताई, नमस्कार. मी १९ वर्षांची, मुलुंडला राहते, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रवेश एसटीतून, म्हणजे अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर घेतलाय. आम्ही महादेव कोळी, गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आजोबा १९६१ साली मुंबईत आले, मस्जिद बंदरला हमाली केली. बाबा खासगी कंपनीत सुपरवायझर आहेत; त्यांनी स्वतः कधी दाखला काढला नाही. माझं जमातीचं प्रमाणपत्र आहे, पण व्हॅलिडिटी, म्हणजे तपासणी समितीकडून होणारी त्याची पडताळणी, अडकलीय. समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाला आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, १९४८ च्या नोंदीत, ‘हिंदू कोळी’ एवढंच सापडलं. आता खुलासा मागवलाय, मग समितीपुढे सुनावणी. ओळखीतल्या एका एजंटाने प्रश्नोत्तरांची झेरॉक्स आणून दिलीय: देव कोणते, लग्नात काय करतात, गाणी कुठली. पाठ कर म्हणतो. चाळीस हजारांत जुनी नोंदही ‘करून’ देतो म्हणतो. बाबा म्हणतात, नाद सोड, ओपनची फी भरू. माझ्या मावसभावाची व्हॅलिडिटी झालेली आहे, ती चालेल का? खरं सांगू? त्या झेरॉक्समधलं मला काहीही येत नाही. गावाला मी पाच-सहा वेळा गेले असेन. कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, ‘तू कसली गं आदिवासी? आणि आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होतं.’ तेव्हापासून नीट झोप लागत नाही. मी कुणाची जागा अडवून बसलेय का?

— तुमची एक वाचक, मुलुंड

मुली,

ती झेरॉक्स आधी फाडून टाक. उरलेलं उत्तर नंतर वाच.

मी सव्वीस वर्षं मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागे बसले. जून-जुलैत खिडकीतून आत येणारी पिशवी बघूनच कळायचं, कागद कसे असतील ते. गावाकडचे बाप कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी पुन्हा कापडी पिशवीत घालून आणायचे. घड्यांवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले. एजंटाच्या हातून आलेली फाइल कशी नीटनेटकी, प्रत्येक पान कव्हरात. अशीच एक नीटनेटकी फाइल समितीकडून उलटून आली होती. तिच्यात १९३८ सालच्या जन्मनोंदीची नक्कल होती. पडताळणीत मूळ वही काढली, तर ‘कोळी’ हा शब्द टाकाच्या शाईचा, फाकलेला, तपकिरी पडलेला. आणि त्याच्या आधीची ‘महादेव’ ही चार अक्षरं बॉलपेनची. १९३८ साली बॉलपेन! तो मुलगा कदाचित खराच महादेव कोळी असेलही. पण त्या चार अक्षरांनंतर त्याचं खरं कोण ऐकून घेणार? त्याच्या सख्ख्या भावाची आणि दोन चुलत भावांची झालेली व्हॅलिडिटीसुद्धा परत उघडली गेली. चाळीस हजारांत हे मिळतं.

आपल्या राज्याचा जात प्रमाणपत्राचा २००० सालचा कायदा याबाबत कडक आहे. मी अमुक जमातीची आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर. दावा खोटा ठरला तर प्रवेश जातो, मिळालेली पदवी जाऊ शकते, वर तुरुंगाची तरतूद आहे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने तर स्पष्ट सांगून टाकलं की खोट्या दाखल्यावर मिळालेली नोकरी कितीही वर्षं केली तरी तिला संरक्षण नाही. तेव्हा त्या एजंटाला घरात चहासुद्धा देऊ नकोस.

आता पाठांतराचं. तू ज्याला घाबरली आहेस तिला समितीच्या भाषेत आप्तभाव चाचणी म्हणतात. लोक सरळ अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. जमातीच्या चालीरीती, देव, लग्नविधी, मर्तिक, बोली यांच्याशी तुझं घर कितपत जोडलेलं आहे, हे त्यात बघतात. ही पद्धत पक्की झाली १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात. योगायोग बघ, तो दावाही महादेव कोळी असल्याचाच होता आणि तो फेटाळला गेला होता. तपासणी समित्या, दक्षता पथकं, घरी येऊन चौकशी, हा सगळा संसार त्या निकालातून उभा राहिला. पुढे वर्षानुवर्षं काय झालं, तर गाणं म्हणता आलं नाही म्हणून पोरं नापास व्हायला लागली. मग २०११ साली आणि पुन्हा २४ मार्च २०२३ च्या ठाकूर जमातीसंबंधीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी धरायची नाही. माणसं स्थलांतर करतात, शिकतात, शहरात मिसळतात, चालीरीती पुसट होतात. संविधानाच्या आधीचा अस्सल कागद असेल तर त्याचं वजन जास्त.

म्हणून समितीसमोर जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हण. ‘मी मुंबईत वाढले, हे आजीला माहीत आहे, मला नाही.’ या वाक्याला दंड नाही. उलट, ती झेरॉक्स तुझ्या आधी शंभर जणांनी त्याच खोलीत घडाघडा म्हणून दाखवलेली असणार. समोर बसलेल्या माणसांनाही ती आता पाठ झाली असेल. आणि जे येतं ते सांग. वाघबारशीला घरात खीर होते का? आजी शेताच्या गोष्टीत राब भाजायचं बोलते का? हिरड्याच्या दिवसांत गावाहून कुणाचा फोन येतो का, ‘यंदा भाव काय’ म्हणून? अशा गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. असल्या तर असतात, नसल्या तर नसतात.

तुझ्या पत्रात मला खरी अडचण वेगळीच दिसली. ‘आदिवासी असणं’ ही तुला परीक्षा वाटते आहे, आणि तिची तयारी झालेली नाही म्हणून तू रात्रभर जागी राहतेस. त्याबद्दल जरा सविस्तर बोलू.

संविधानात तुझ्या जमातीचं नाव शोधायला गेलीस तर सापडणार नाही. माझ्याही जातीचं नाही. कलम ३४१ जातींसाठी आणि ३४२ जमातींसाठी, दोन्ही एवढंच म्हणतात की त्या त्या राज्यापुरती यादी राष्ट्रपतींनी आदेश काढून जाहीर करायची. जातींचा आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० ला, जमातींचा ६ सप्टेंबर १९५० ला. म्हणूनच प्रमाणपत्राच्या अर्जाच्या वेळी ‘६ सप्टेंबर १९५० रोजी तुमचे पूर्वज कुठे राहत होते’ म्हणून विचारतात. अनुसूची म्हणजे यादी, बाकी काही नाही. एकदा आदेश निघाला की त्यात नाव घालायचं किंवा काढायचं तर फक्त संसदेने, कायदा करून. समिती ते करू शकत नाही, मुख्यमंत्री करू शकत नाहीत, न्यायालयही नाही. २००० साली हलबा कोष्टींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. (सभेत हात वर करून ‘तुम्हाला एसटीत घालतो’ म्हणणारे नेते तू टीव्हीवर बघतेस, त्यांनाही हे ठाऊक असतं.)

पण या याद्या काही १९५० साली आभाळातून पडलेल्या नाहीत. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या समितीने १९३० च्या अहवालात मागासलेल्यांचे तीन गट सांगितले: अस्पृश्य मानलेले, डोंगराळ भागातले आदिवासी, आणि इतर मागास. आज तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर ज्या चौकटी असतात, त्यांची मुळं तिथपर्यंत पोचतात. ‘शेड्यूल्ड कास्ट’ हा शब्द १९३५ च्या कायद्यातला. आणि ‘शेड्यूल्ड ट्राइब’ हे नाव सगळ्यांना रुचलं होतं असंही नाही. १९२८ च्या ऑलिम्पिकला हॉकीचे कप्तान म्हणून गेलेले जयपाल सिंग मुंडा संविधान सभेत होते, ते शेवटपर्यंत ‘आदिवासी’ या शब्दासाठी अडून बसले. संविधानाने ऐकलं नाही. आपण बोलताना मात्र त्यांचाच शब्द वापरतो.

यादीतला एक शब्द माणसाचं काय करतो ते मी घरात बघितलंय. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले, बौद्ध. माझा थोरला भाऊ १९८६ साली केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिकाच्या भरतीला गेला. दाखल्यावर ‘नवबौद्ध’. टेबलामागच्या माणसाने दाखला उलटापालटा केला आणि विचारलं, ‘हिंदू आहात का?’ भाऊ म्हणाला, ‘नाही.’ ‘मग यादीत नाही,’ एवढं बोलून त्याने दाखला परत दिला. त्या माणसाचं वाईट वागणं म्हणून मी हे सांगत नाही. त्याच्यासमोर जे लिहिलेलं होतं ते त्याने वाचलं. १९५० च्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे हिंदूच, अशी अट होती. १९५६ साली शीख आले, बौद्ध यायला १९९० उजाडलं. राज्याच्या नोकरीत चालणारा आमचा दाखला केंद्राच्या टेबलावर चालत नव्हता. जात पाळणाऱ्यांनी मात्र आम्हाला धर्मांतराची सूट कधी दिली नव्हती. चाळीतल्या कुणीतरी वडिलांना सुचवलं, कागदावर ‘हिंदू महार’ लिहा, कुणाला कळतंय. वडील त्या रात्री जेवले नाहीत. १९९० साली यादी बदलली तेव्हा भाऊ बत्तीसचा झाला होता. वय निघून गेलं. पुढे त्याने रिक्षा चालवली, दोन मुली शिकवल्या. आजही कुणी ‘कॅटेगरी’ हा शब्द काढला की तो खिडकीबाहेर बघतो.

म्हणजे यादीत असणं आणि माणूस म्हणून आपण जे असतो ते, या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून चालत नाहीत. शेजारच्या इमारतीत उत्तरेकडून आलेलं एक कुटुंब आहे. त्यांच्या जातीचं नाव त्यांच्या राज्याच्या यादीत आहे आणि महाराष्ट्राच्याही यादीत आहे. तरी त्यांना इथे सवलत नाही, कारण यादी त्या त्या राज्यापुरती. १९९० सालीच सुप्रीम कोर्टाने तसं ठरवलंय. झारखंडचा संथाळ आसामच्या चहाच्या मळ्यात गेला की तिथे तो यादीबाहेर. तो काय संथाळ राहिला नाही? तुझं उलट आहे. तू यादीतल्या जमातीची आहेस, त्याच राज्यात आहेस, आणि तुला वाटतंय की आपण पुरेशा ‘तशा’ नाही. हे मोजणं यादीने तुझ्याकडे मागितलेलंच नाही.

मैत्रिणीचं ‘तू कसली आदिवासी’ कुठून येतं ते सांगते. १९६५ साली लोकुर समितीने जमात ओळखायचे पाच निकष लिहिले: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक दुरावा, बाहेरच्यांशी संपर्काचा बुजरेपणा, मागासलेपण. बुजरेपणा! परका माणूस दिसला की सावकार किंवा सरकारी शिपाईच असणार, हा ज्यांचा अनुभव, ते बुजणार नाहीत तर काय करतील? पण ते जाऊ दे. हे निकष एखादा समाज यादीत घ्यावा का, हे ठरवण्यासाठी होते. मुलुंडच्या एका मुलीने पिझ्झा खाल्ला की नाही हे बघायला नव्हे. आणि बुजरेपणाचंच म्हणशील, तर तुमच्यातल्याच राघोजी भांगऱ्याने सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ ला त्याला फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात, तुझ्या मुलुंडपासून एका स्टेशनावर.

‘दहा वर्षांचं’ हे तर मी खिडकीमागे इतक्यांदा ऐकलंय की त्याचे पैसे घेतले असते तर घर झालं असतं. दहा वर्षांची मुदत आहे, पण ती कलम ३३४ मध्ये, लोकसभेतल्या आणि विधानसभेतल्या राखीव जागांसाठी. ती दर वेळी वाढवत आलेत. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली. शिक्षणातल्या आरक्षणाचं कलम १५(४) हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीतलं, नोकरीतलं १६(४) मूळ संविधानातलं. दोन्हींत वर्षांचा आकडा नाही. हे मैत्रिणीला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं, एकदाच, आणि मग कॅन्टीनमध्ये विषय बदलला असता.

आता कामाचं. तुझ्या केसची खरी गाठ ‘कोळी’ या शब्दात आहे. मुंबईत कोळी म्हटलं की वरळी, माहीम, वर्सोवा, होड्या आणि सुकत टाकलेले बोंबील. ते सोनकोळी, राज्याच्या यादीत ते विशेष मागास प्रवर्गात. तुमची नोंद अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ अशी. मल्हार कोळी आणखी वेगळे, तेही एसटीत. गावच्या गुरुजींना १९४८ साली या फरकाशी काय देणंघेणं? पोराला शाळेत घातलं, बाप म्हणाला ‘कोळी’, गुरुजींनी लिहिलं ‘हिंदू कोळी’. डोंगरात सगळे तेच, तर वेगळं कशाला सांगायचं? पण समितीच्या नजरेत हा शब्द दोन्हीकडे जातो, आणि तो नेमका कुठे जातो हे तुला दाखवावं लागेल. समिती तुझ्यावर डूख धरून बसलेली नाही. खोट्या दाखल्यांवर जागा बळकावणाऱ्यांविरुद्ध आदिवासी पोरांनीच वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत. ही चाळणी त्यांच्या मागणीतूनही आली आहे. तिच्यात बारीक खडे अडकतात तसे दाणेही अडकतात, एवढंच.

दक्षता पथकाच्या अहवालाची प्रत मिळाली नसेल तर लेखी मागून घे. अहवाल विरोधात असेल तर तो तुला द्यावाच लागतो. खुलाशाला वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढीचा अर्ज कर आणि त्यावर पोच घे. पोच म्हणजे शिक्का, तारीख, सही. ‘साहेब म्हणाले चालेल’ याला पोच म्हणत नाहीत.

मावसभावाचा कागद बाजूला ठेव. तो आईकडचा. जमात बापाच्या बाजूने बघतात, त्यामुळे तुझ्या बाबांच्या रक्ताच्या नात्यातला माणूस हवा: चुलता, आत्या, चुलत भावंडं, आजोबांच्या भावाची नातवंडं. त्यांच्यातल्या एकाचीही व्हॅलिडिटी नीट चौकशी होऊन झालेली असेल, तर वंशावळ आणि शपथपत्र जोडून ती दाखव. २०२३ च्या निकालाप्रमाणे ते नातं आणि ती चौकशी खरी असल्याचं समितीला पटलं, तर तुला नाकारायला ठोस कारण लागेल. आजोबा मुंबईला आले, असं तू लिहितेस. त्यांचे भाऊ गावाला राहिले असतील ना? त्यांच्या घरात एखादा शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक झालेला असायची बरीच शक्यता आहे. त्याची फाइल हीच तुझी अर्धी फाइल.

आणि सगळीकडे धुंडूनही ‘कोळी’च निघालं, कुठेच ‘महादेव’ नाही, एकाही चुलत्याची व्हॅलिडिटी नाही? मग केस अवघड आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. समितीने नाकारलं तर दाद थेट उच्च न्यायालयात, कलम २२६ खाली. मधे दुसरं दार नाही. वकिलाच्या पैशांसाठी कर्ज काढू नका. विधी सेवा कायद्यात स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तुझी जमात आधी सिद्ध व्हावी लागत नाही! पण तोवर बाबांनी ओपनच्या फीची तजवीज बाजूला ठेवलेली बरी. हातातला प्रवेश टिकेलच असं धरून चालू नका.

बाबांबद्दल एक. ‘नाद सोड’ हे ते पैशाच्या हिशेबाने म्हणत नसावेत. ज्या पिढीने मुंबईत येऊन आडनाव सांगताना आवाज खाली केला, त्यांना घरी चौकशीला आलेला सरकारी माणूस कसा वाटला असेल? शेजाऱ्यांची दारं किलकिली झाली असतील. त्यांनी स्वतः दाखला काढला नाही त्यामागेही असंच काही असू शकेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना बरोबर घेऊन गावाला जा.

राहिला जागा अडवण्याचा प्रश्न. हा प्रश्न तुला पडला हे मला आवडलं, आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. राज्यात एसटीला ७ टक्के आहेत आणि त्यात चाळीसहून जास्त जमाती. मुलुंडची तू, नंदुरबारचा भिल्ल, गडचिरोलीचा माडिया आणि रायगडची कातकरी मुलगी, सगळे एकाच रांगेत. त्या कातकरी मुलीचे आईबाप वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर असतात. ती रांगेपर्यंत पोचतच नाही. माझ्या सव्वीस वर्षांत आमच्या खिडकीवर कातकरी आडनावाची किती पोरं आली? मला दोन आठवतात. अनुसूचित जातींच्या आत उपवर्ग करायला सुप्रीम कोर्टाने १ ऑगस्ट २०२४ ला सहा विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. आमच्या समाजात त्यावरून भाऊबंदकी चालू आहे. मला विचारशील तर मागे राहिलेल्यांना आधी घ्यावं या बाजूची मी आहे, आणि त्यावरून माझ्या घरात दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्यात. पण आज तू जागा सोडलीस तर ती त्या कातकरी मुलीला मिळणार नाही. यादीत तुझ्या खाली जो असेल त्याला मिळेल. तो एखाद्या अधिकाऱ्याचा मुलगाही असू शकेल. आणि हमालाची नात इंजिनिअरिंगला गेली, तर ज्यांनी ही कलमं लिहिली त्यांच्या मनात दुसरं काय होतं? शिकून झाल्यावर रुखरुख उरलीच तर मला पुन्हा पत्र लिही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर रविवारी गणित शिकवायला माणसं कधीच पुरत नाहीत.

आता आजीला घेऊन बस. तिला कमी ऐकू येत असेल तर जवळ बस, पण गाणी विचारू नकोस, नावं विचार. आजोबांच्या वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं, भावांची, बहिणी कुठल्या गावी दिल्या. लिहून काढ. मग बाबांना घेऊन घोडेगावला तहसील कार्यालयात अभिलेख कक्षात जा आणि कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना १४ च्या, १९५० च्या आधीच्या नकला माग. जन्म-मृत्यूच्या या नोंदींत जातीचा रकाना असतो, आणि कोतवाल गावातलाच असल्याने तो गुरुजींपेक्षा नेमकं लिहायचा. जमिनीचे जुने फेरफारही बघा. शाळेत फक्त आजोबांचं नाव शोधू नका. त्यांच्या भावांचं, चुलत्यांचंही शोधा. एका ठिकाणी ‘कोळी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘म. कोळी’ सापडणं अगदी शक्य आहे. आडनाव शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. त्या काळी आडनाव क्वचितच लिहीत. ‘अमुक बिन तमुक’ असं असतं, बिन म्हणजे ‘चा मुलगा’. बाईच्या नावापुढे ‘कोम’ दिसेल, म्हणजे ‘ची बायको’. बरीच पानं मोडी लिपीत असतील. तिथे अंदाजाने वाचू नका, मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून त्याच्या सही-शिक्क्यासह घ्या. पणजोबांचं नाव दोन वह्यांत दोन तऱ्हेने लिहिलेलं निघालं तर घाबरून खाडाखोड सुचवू नका. तसंच जोडा, आणि खुलाशात एक ओळ लिहा.

मुक्कामाच्या तयारीने जा, एका खेपेत काम होत नाही. आणि शनिवारी जाऊ नका, कार्यालय बंद असतं.

— ताई